मिस्टर एल यांची दुरुस्ती

९ जानेवारी

डॉक्टरबाईंना, म्हणजे औषध न देणाऱ्या डॉक्टरबाईंना,

पत्र तुझ्या बापाचं आहे. अक्षरावरून ओळखलंच असशील. पाकीट न फोडता टाकून द्यायचा विचार असेल तर तसं आईला फोनवर सांग, म्हणजे पुढच्या वेळी मी साधं कार्ड पाठवीन. कार्ड न वाचता टाकून देणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

तू दर रविवारी फोन करतेस. आई बोलते, मी शेजारच्या खुर्चीत पेपर उघडून बसतो. 'बाबा कसे आहेत' असं तू विचारलंस की ते मला आईच्या उत्तरावरून कळतं. ती म्हणते, "आहेत की, पेपर वाचताहेत." एवढ्यात माझा विषय संपतो. डिसेंबरात तू आलीस, दहा दिवस मावशीकडे राहिलीस आणि आई तिकडे जाऊन तुला भेटून आली. घरी न येण्याचा हा तुझा दुसरा डिसेंबर. मी तक्रार करत नाहीये. मावशीचं घर मोठं आहे, हवेशीर आहे. आमच्या दोन खोल्यांत डॉक्टर लोक मावत नाहीत, एवढं समजण्याची अक्कल मला आहे.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. मी इंग्रजी शिकायला घेतलंय. हसू नकोस. अक्षरं मला येत होतीच. 'पुश', 'पुल' आणि 'आउट ऑफ ऑर्डर' हेही येत होतं, लिफ्टमनला तेवढं यावंच लागतं. मी म्हणतोय ते मोठं इंग्रजी. साहेब लोक जे शब्द उच्चारताना जरा मान ताठ करतात, ते.

आमच्या इमारतीत सातव्या मजल्यावर पाठ्यपुस्तकांचं एक ऑफिस आहे. तिथे एक मुद्रितशोधक बाई आहेत. पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका हुडकायच्या हे त्यांचं काम. अंबाड्यात कायम लाल पेन खोचलेलं, म्हणून मी त्यांना लालपेन बाई म्हणतो. तोंडावर नाही म्हणत. त्यांना मी विचारलं की या वयात शब्द पाठ होतील का? त्या म्हणाल्या, "एकटा शब्द पाठ करू नका, तो पळून जातो. त्याचं अख्खं बिऱ्हाड उचलून आणा. आधी अर्थ स्वतःच्या भाषेत लिहा, मग त्याचे भाऊबंद शोधा, मग त्याच्या विरुद्ध कोण उभं आहे ते बघा." दुसऱ्या दिवशी एक जुना शब्दकोश माझ्या हातात ठेवला. कव्हर नाही, पण आतला माल शाबूत आहे.

पहिला शब्द घेतला एन्ड्युअर. सोसणे. एन्ड्युअरन्स, सोसण्याची ताकद. अनएन्ड्युरेबल, सोसवत नाही असं. आता यातला कुठला शब्द कुणाला लागू पडतो ते मी लिहीत नाही.

सप्टेंबरअखेर मी साठ पुरे करून नोकरीतून मोकळा होणार. त्याआधी एक काम हातावेगळं करायचंय, त्यासाठी हा सगळा खटाटोप. त्याचा तुझ्याशी काही संबंध नाही, उगाच गैरसमज नसावा.

तुझा बाप
(अजून कामावर)


२० फेब्रुवारी

डॉक्टरबाई,

पाकीट परत आलं नाही आणि कार्ड पाठवा असा निरोपही नाही, म्हणजे पत्र फोडलं असं मी धरून चालतो.

माझी पद्धत सांगतो. तुमच्या विद्यापीठात असली नसेल. आमची इमारत आठ मजली आहे, हे बरंच झालं. सकाळी मी एका पुठ्ठ्यावर शब्द लिहून बटणांच्या वर अडकवतो. तळमजल्यावर मूळ शब्द मोठ्यानं म्हणायचा. पहिला मजला येईपर्यंत अर्थ. दुसऱ्यावर नाम, तिसऱ्यावर विशेषण, चौथ्यावर उलटा शब्द, आणि पाचव्यापासून आठव्यापर्यंत एक अख्खं वाक्य. खाली येताना हेच उलट्या क्रमानं. दिवसाला शंभर-सव्वाशे फेऱ्या होतात. एवढ्या फेऱ्यांनंतर शब्दाची काय बिशाद पळून जायची!

अडचण आहे ती माणसांची, ती मध्येच उतरतात. चौथ्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीण आहेत. त्यांच्या पेशंटला उलटा शब्द ऐकून उतरावं लागतं, वाक्य त्याच्या वाट्याला येत नाही. परवा एक गृहस्थ गालाला रुमाल लावून आले होते. चौथा आला तर उतरेनात. म्हणाले, "आधी वाक्य होऊ द्या, दात काय, आहेच." मी त्यांना आठव्यापर्यंत नेऊन परत चौथ्यावर सोडलं.

पाचव्या मजल्यावरचे वकील तुला आठवत असतील. तेच, सोनेरी काड्यांचा चष्मा. ते आधी थट्टा करायचे. गेल्या आठवड्यात शब्द होता सेडेंटरी, म्हणजे बसून करायचं, बैठं. वकील म्हणाले, "अरे वा, हा तर आमचा शब्द! आमचं सगळं काम बैठं." मी म्हटलं, "हो साहेब, याच घराण्यातला दुसरा शब्द आहे सेडिमेंट. खाली बसलेला गाळ." दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन विचारलं, "आज कुठलं बिऱ्हाड?"

माझा जमलेला माल असा: पोस्चर, फटीग, मोनोटनी, डिग्निटी. डिग्निटीचं कुटुंब तर फार मोठं निघालं. डिग्निफाइड, डिग्निटरी, इन्डिग्निटी, आणि रागानं लाल झालेला इन्डिग्नंटही त्यांच्याच घरचा. मानाला धक्का लागला की माणूस इन्डिग्नंट होतो. मला हे शब्दकोशानं सांगायची गरज नव्हती.

शब्द कुठून आणतो म्हणशील, तर पेपरातून.

तुझा बाप
(एकशे चौऱ्याण्णव शब्द)


१७ एप्रिल

ठकू,

आज तुला डॉक्टरबाई म्हणत नाही, कारण परवाच्या रविवारी तू हसलीस. आईनं सांगितलं नाही मला. मी पेपराआडून ऐकलं. आई तुला गाळाची गोष्ट सांगत होती आणि फोनमधून तुझं हसू बाहेर आलं. लहानपणी हसायचीस तसंच, शेवटी उचकी लागल्यागत. मी पेपर उलटा धरला होता म्हणे. आईनं नंतर सुनावलं, "अहो, उलटा पेपर वाचण्याइतकं इंग्रजी आलं वाटतं!"

इकडे मध्यंतरी एक भानगड झाली. इमारतीच्या मॅनेजरनं मला बोलावलं. "ही लिफ्ट आहे की शाळा? तक्रार आलीय." मी विचारलं, कुणाची? ते म्हणाले, आठव्या मजल्यावरच्या बाईंची. त्यांना रोज सकाळी शांतपणे वर जायचं असतं. पुठ्ठा काढा म्हणाले. मी काढला. नोकरीला सहा महिने उरले असताना कुणाशी हुज्जत घालू? पण तोंडाला कुलूप लाव असं काही ते म्हणाले नव्हते, तेव्हा मी मनातल्या मनात सुरू ठेवलं. खरं सांगतो, पुठ्ठ्याविना जास्त पक्कं झालं. तीन दिवस लिफ्टमध्ये अगदी सुतकी शांतता. चौथ्या दिवशी आठव्या मजल्यावरच्या त्याच बाई म्हणाल्या, "आज काही नाही का? चुकल्याचुकल्यासारखं वाटतं हो." मी म्हटलं, "मॅनेजरसाहेबांना सांगा." त्या तशाच खाली आल्या आणि सांगून वर गेल्या. पुठ्ठा परत लागला. तेव्हा माझी छाती किती फुगली होती ते विचारू नकोस, सदऱ्याचं बटण सांभाळावं लागलं.

आता एक गंमत. असेंड म्हणजे वर जाणे, डिसेंड म्हणजे उतरणे. बेचाळीस... नाही, सदतीस वर्षं मी हेच दोन शब्द जगतोय आणि मला ते माहीत नव्हते. त्यातून डिसेंडंट. डिसेंडंट म्हणजे वंशज. लालपेन बाईंनी हे सांगितलं तेव्हा मी लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्येच थांबवली. म्हणजे तू माझी डिसेंडंट. पण तू तर वरवरच गेलीस. मी बाईंना विचारलं, माझी मुलगी असेंडंट आहे असं म्हणता येईल का? त्या म्हणाल्या, "शब्द आहे, पण तो असा वापरत नाहीत." मी म्हटलं, मग मी वापरीन.

एका गोष्टीची खंत आहे. हे सगळं मी तुला शाळेत असताना समजावून सांगायला हवं होतं. तेव्हा मला येत नव्हतं, आणि येत नाही म्हणायची लाज वाटायची.

तुझा बाप
(चारशे अकरा. बाईंनी तपासलेले)


५ जून

डॉक्टरबाई,

टॅसिटर्न. अर्थ: कमी बोलणारा, तोंडातून शब्द न काढणारा. नाम टॅसिटर्निटी. तुमचं पान एकशे एकतीस, वरून नववी ओळ.

हो, तुमचं पुस्तक. 'व्हर्टिकल लेबर', म्हणजे उभ्यानं करायचे श्रम. एव्हाना तुला कळलंच असेल की बाप पेपरातले शब्द शिकत नव्हता. टॅसिटर्न हा शब्द पेपरात छापलेला मी तरी पाहिला नाही. जानेवारीपासून मी हे पुस्तक वाचतोय. पहिल्या पानाला अकरा दिवस लागले. आता दिवसाला दीड पान होतं.

एकशे एकतिसाव्या पानावर मिस्टर एल नावाचा एक इसम येतो. वय चोपन्न, लिफ्टचालक, रोज दहा तास उभा. घरी आल्यावर पाय बादलीत सोडून बसतो आणि बायकोनं विचारलं तर 'काही नाही' म्हणतो. 'मी त्याला जन्मापासून ओळखते,' असं तू लिहिलंयस. मला न विचारता तू मला पुस्तकात घातलंस. आमच्या पायांची बादली जगाला दाखवलीस! आणि वर टॅसिटर्न. पुढच्या ओळीत ऑब्ड्युरेट. अर्थ: कितीही समजावलं तरी न बदलणारा, मनाचा टणक. बिऱ्हाड: ऑब्ड्युरसी. हे बिऱ्हाड मी आठही मजल्यांवर मोठ्यानं म्हणालो. इतक्या जोरात, की वकील म्हणाले, "आज कुणावर केस करायचीय?"

मी रागानं पुस्तक लालपेन बाईंच्या टेबलावर आपटलं. म्हटलं, बघा, पोटच्या मुलीनं काय लिहिलंय बापाबद्दल. त्यांनी पान वाचलं आणि विचारलं, "पुढचं वाचलंत?" मी नाही म्हटलं. "मग कशावरून भांडताय? दोन शब्दांवरून? परिच्छेद पुरा करून या."

पुढच्या पानाला मला दोन दिवस लागले. त्यावर एक शब्द आहे, इन्डिफॅटिगेबल. मी त्याला सोलून काढला. आत फटीग बसलेला. थकवा. पुढे 'इन', मागे 'एबल'. ज्याला थकवणं शक्य नाही असा. तू लिहिलंयस की मिस्टर एल असा आहे, आणि हे तू कौतुकानं लिहीत नाहीयेस, तर तुला त्याची काळजी वाटते, कारण असा माणूस आपलं दुखणं कुणालाच दाखवत नाही. हे वाक्य मी चार वेळा वाचलं. शब्दकोश बंद करून वाचलं.

राग गेला असं समजू नकोस. थोडा आहे.

बाप


३१ जुलै

ठकू,

हे पत्र सरळ लिहितो. लालपेन बाईंना दाखवणार नाही आणि आईलाही नाही.

काल मी सहावं प्रकरण पुरं केलं. पान दोनशे आठ. दिवसभर उभं राहणाऱ्यांना कसं आसन द्यावं हे तू त्यात लिहिलंयस. लिफ्टचालक, पहारेकरी, दुकानातल्या विक्रेत्या मुली. जमिनीपासून अठ्ठावीस इंच उंच, पाठ टेकायला फळी, पाय ठेवायला आडवी पट्टी. वाचता वाचता मी लिफ्टमधल्या माझ्या स्टुलाकडे बघितलं. खालून टेप मागवली. अठ्ठावीस इंच. पाठीला फळी. आडवी पट्टी.

मी मॅनेजरकडे गेलो, म्हटलं, हे स्टूल आलं कुठून? त्यांनी फाइल काढली. कामगार खात्याकडून सगळ्या इमारतींना पत्र आलं होतं, की लिफ्टचालकांना असं असं आसन द्या. पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ही शिफारस कुठल्या पुस्तकावरून घेतली. पुस्तकाचं नाव आणि तुझं नाव. मी उभ्या उभ्या वाचलं. तिथे बसायला खुर्ची होती, पण बसवेना.

म्हणजे ते स्टूल तू मला पाठवलं होतंस. आणि ते डुगडुगत होतं म्हणून मी त्याच्या पायाखाली तुझंच पुस्तक सारलं.

त्या दिवशी काय झालं ते तुला माहीत आहे, तरी माझ्या बाजूनं लिहितो. तू घरी येऊन तीन दिवस झाले होते. मला न सांगता इमारतीत आलीस, लिफ्टमध्ये शिरलीस. आत वकील होते, आणखी दोघे होते. तू स्टुलाकडे बघून आधी हसलीस. मग तुझी नजर खाली गेली. तू विचारलंस, "बाबा, तुम्हाला कळतंय का हे काय आहे?" आणि मी म्हणालो, "कळतंय की! स्टूल हलत होतं, तुझं पुस्तक एकदाचं कामी आलं." सगळे हसले. मीही हसलो. तू दुसऱ्या मजल्यावर उतरून जिन्यानं खाली गेलीस आणि संध्याकाळी बॅग घेऊन मावशीकडे.

आईला आणि सगळ्यांना मी सांगत आलो की साधा विनोद केला, पोरीला शिक्षणाचा ताठा आला. ते खोटं आहे. पुस्तक आलं तेव्हा मी महिनाभर रोज पहिलं पान उघडत होतो. पहिल्या परिच्छेदात बाराहून जास्त शब्द मला येत नव्हते. बोट ओळीवर ठेवायचो आणि तिथेच ठेवून बसायचो. वकिलांनी एकदा विचारलं, "मुलीनं कशावर लिहिलंय हो?" आणि मला सांगता आलं नाही. स्वतःच्या मुलीनं सहा वर्षं खपून काय लिहिलं ते बापाला ठाऊक नाही! मला इतकी लाज वाटली की ते पुस्तक डोळ्यांसमोर नको झालं. वाचता येत नाही म्हणण्यापेक्षा किंमत नाही असं दाखवणं सोपं होतं. म्हणून ते पायाखाली गेलं. स्टूल हलत होतं हे खरं, पण पुठ्ठ्यानंही काम भागलं असतं.

स्टुलाच्या पायाचा खळगा पुस्तकात पडलाय. मागचं कव्हर खाली होतं, त्यामुळे पहिली पानं जास्त दबली. पान चौसष्टपर्यंत तो बोटाला लागतो. ती चौसष्ट पानं वाचताना प्रत्येक पान उलटलं की मी तो चाचपून बघत होतो. पासष्टावर नव्हता तेव्हा बरं वाटलं.

मी चुकलो, ठकू. याला इंग्रजीत बरेच शब्द आहेत, बिऱ्हाडासकट. ते मी मुद्दाम लिहिलेले नाहीत.

बाबा


२५ सप्टेंबर

ठकू,

पुस्तक संपलं. दोनशे शहाऐंशी पानं, शेवटची सूचीसुद्धा सोडली नाही. शब्द एकूण तेराशे सत्तर. काल लालपेन बाईंनी मला आठव्या मजल्यापर्यंत नेत परीक्षा घेतली. लिफ्ट मी चालवत होतो, प्रश्न त्या विचारत होत्या, आणि मजल्यामजल्यावर माणसं आत शिरत होती, उतरत कोणीच नव्हतं. दातांच्या डॉक्टरीण पेशंटला खुर्चीत ठेवून आल्या होत्या. वजनाची घंटा वाजायला लागली तेव्हा वकिलांना जिन्यानं यायला सांगावं लागलं. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस! चुकलेले दोन बाईंनी लाल पेनानं माझ्या तळहातावर लिहिले.

मग वकिलांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. कदाचित मागचं त्यांच्या लक्षातही नसेल. "काय हो, मुलीनं नक्की लिहिलंय तरी काय?" तळमजल्यापासून पाचव्यापर्यंत मी सांगितलं. पाचवा आला तरी माझं संपलं नव्हतं. ते दारातच थांबले आणि मी पुरं सांगितलं. अडखळलो नाही. सदतीस वर्षांत त्या लिफ्टमध्ये मी एवढा कधी बोललो नव्हतो, आणि एवढा ताठ उभाही राहिलो नव्हतो.

पाच दिवसांत नोकरी संपते. पुस्तक संपवायचं, हेच ते काम होतं. तुझ्याशी संबंध नाही असं पहिल्या पत्रात लिहिलं होतं, ते खोडून टाक.

आता मुद्द्याची गोष्ट. तुझ्या पुस्तकात एक चूक आहे.

पान एकशे त्रेचाळीस. तू लिहिलंयस की मिस्टर एल काम करताना सारखा पुटपुटत असे. सुट्टीच्या दिवशी तू लिफ्टच्या कोपऱ्यात पाटावर बसून अभ्यास करायचीस तेव्हाचं हे निरीक्षण. कारण तू दिलंयस मोनोटनी, एकसुरीपणा. त्यानं थकलेल्या मेंदूचं ते लक्षण आहे म्हणतेस. खाली तळटीपही आहे, त्यात तीन मोठ्या संशोधकांची साक्ष काढलीयस. तिघेही चुकले.

मी तुझी स्पेलिंगं पाठ करत होतो. तू चौथीपासून इंग्रजी शिकत होतीस. रात्रीच्या जेवणाआधी तुझे शब्द घ्यायला घरात कोणी नव्हतं, आईला अक्षरं येत नाहीत. म्हणून सकाळी तू शाळेला निघायच्या आधीच मी तुझ्या वहीतून दहा शब्द चिठ्ठीवर उतरून खिशात टाकायचो आणि दिवसभर घोकायचो. अक्षरं नुसती. अर्थ एकाचाही माहीत नव्हता. संध्याकाळी वही हातात न घेता तुला विचारायचो, तुला वाटायचं बाबांना सगळं येतं. तुला तसं वाटावं हीच माझी इच्छा होती. सहा वर्षं हे चाललं. नंतर तुझे शब्द इतके लांब झाले की माझ्या डोक्यात मावेनात, तेव्हा मी म्हणालो, "आता तू मोठी झालीस, तुझं तू बघ."

तू एकदा विचारलंही होतंस, बाबा काय पुटपुटता? मी म्हणालो, काही नाही. म्हणजे चूक घडायला मीही कारण आहे. तरी चूक ती चूकच. माझा मेंदू थकलेला नव्हता, डॉक्टरबाई. मी कामात होतो.

बाकी पुस्तक उत्तम आहे. मी दोनशे शहाऐंशी पानं एकेक शब्द उचलून बघितलीत, तेव्हा माझ्या म्हणण्याला वजन आहे. एकही शब्द उगाच वापरलेला नाही. मला तुझा अभिमान वाटतो. तेव्हाही वाटत होता, पण कशाचा ते मला सांगता येत नव्हतं.

बाबा


१४ नोव्हेंबर

ठकू,

तुझं पत्र गुरुवारी आलं. पोस्टमन दारात उभा होता आणि आई त्याला म्हणत होती, "यांना पत्र? यांना कोण लिहिणार?" पाकिटावर तुझं अक्षर बघितलं आणि पदराला हात पुसत ती आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

चार पानं, सगळी इंग्रजीत. मी खिडकीपाशी बसून वाचली. शब्दकोश मांडीवर होता, तो तीनदाच उघडावा लागला. तिसऱ्यांदा तर फक्त खात्री करायला.

तू एकही शब्द सोपा करून लिहिला नाहीस. तुझ्या प्राध्यापकांना लिहिशील तसं मला लिहिलंस. मराठीत लिहिलं असतंस तर मी रडलो असतो आणि विसरलो असतो. हे मी लालपेन बाईंना दाखवून आलो. रिटायर झालेला माणूस, लिफ्टमध्ये नव्या पद्धतीनं स्वतःच बटण दाबलं आणि सातव्यावर गेलो. बाईंनी सवयीनं अंबाड्यातलं पेन काढलं, चारही पानं वाचली आणि पेन परत खोचलं. म्हणाल्या, "इथे माझं काही काम नाही." घरी येऊन आईला सगळं पत्र मराठीत वाचून दाखवलं, न थांबता. ती मध्येच म्हणाली, "तुम्ही हे मनचं तर सांगत नाही ना?"

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघतेय आणि एकशे त्रेचाळीस पानावरची तळटीप तू काढून टाकतेयस, हे योग्यच. तिघा संशोधकांना माझा नमस्कार सांग. त्या जागी माझी दुरुस्ती छापायची आहे आणि त्यासाठी परवानगी हवी आहे, असं तू रीतसर विचारलंयस. मिस्टर एल हेच नाव ठेवायचं की खरं नाव घालायचं, हेही विचारलंयस. 'कृपया लेखी कळवावे.'

तर लेखी कळवतो. मिस्टर एल पोस्टानं परवानगी देत नाहीत. त्यांची काही म्हणणी आहेत, बादलीबद्दल आणि ऑब्ड्युरेट या शब्दाबद्दल, आणि ती समोरासमोर बसून बोलायची आहेत. मावशीच्या घरी ते येणार नाहीत, ऑब्ड्युरेट आहेत. संशोधकानं कागदपत्रं आणि बॅग घेऊन डिसेंबरात त्यांच्या राहत्या घरी यावं. काम दहा दिवसांचं आहे, त्याहून कमी वेळात ते उरकू देणार नाहीत.

आईनं खोली आवरायला घेतलीय. गाडी कितीला पोचते ते फोनवर सांग.

रविवारी फोन मी उचलीन.

बाबा